तीन तासांचा हिशेब

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती. जेवणे आटोपली होती, बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि आमच्या घरात तीन पिढ्या एकाच खोलीत दाटीवाटीने बसल्या होत्या. मुलांनी टीव्हीवर ‘रुस्तम’ लावला. २०१६ सालचा हा हिंदी चित्रपट. नौदलाचा एक अधिकारी महिनोन् महिने समुद्रावर असतो. घरी परतल्यावर त्याला कळते की आपल्या पत्नीचे एका श्रीमंत गृहस्थाशी गुप्त संबंध आहेत. तो पिस्तूल मिळवतो, त्या गृहस्थाच्या घरी जातो आणि तीन गोळ्या झाडतो. मग कोर्ट, साक्षीदार, उलटतपासणी, आणि शेवटी नायकाची सुटका. आमच्या घरातही टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर आमची पुतणी, जी अजून शाळेत आहे, आमच्याकडे वळून म्हणाली, “काका, हे खरे घडले होते ना? मग त्या बाईचे पुढे काय झाले?”

आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. या खटल्याबद्दल आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. गोळ्या किती झाडल्या ते आम्हाला पाठ आहे, वकिलांची नावे पाठ आहेत, मयताच्या अंगावर काय होते तेही पाठ आहे. पण त्या बाईचे पुढे काय झाले, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता! चोरट्या प्रेमाचे आणि विश्वासघाताचे इतके चित्रपट पाहिले, पण या प्रश्नाशी आम्ही कधी थांबलो नाही. म्हणून आजचा हा लेख. त्यात काही चित्रपटांची रहस्ये उघडी होतील, त्याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी.

चोरून पाहिलेले चित्रपट

आमच्या मोठ्या काकींनी आता ऐंशी ओलांडली आहे. त्या दुपारी त्या खुर्चीत बसून डुलक्या घेत आहेत असे सर्वांना वाटत होते. पण ‘रुस्तम’ संपताच त्या म्हणाल्या, “यापेक्षा ‘गुमराह’ बरा होता.” सासूबाईंना देवळात जाते असे सांगून, जावेला बरोबर घेऊन त्यांनी तो थिएटरात पाहिला होता. “देवळातही गेलो होतो, पण नंतर,” असेही त्या म्हणाल्या.

‘गुमराह’ १९६३ सालचा, बी. आर. चोप्रा यांचा. मीना नावाची तरुणी एका कलावंतावर प्रेम करते, पण थोरली बहीण अकाली वारते आणि तिच्या लहान मुलांसाठी मीना आपल्याच मेहुण्याशी लग्न करते. पुढे तो जुना प्रियकर पुन्हा भेटतो, चोरून गाठीभेटी सुरू होतात आणि एक दिवस लीला नावाची बाई मीनाच्या दारात उभी राहते. तिला सगळे ठाऊक असते. ती मीनाला धमकावते, तिच्याकडून पैसे आणि दागिने उकळते. शेवटी कळते की ही लीला दुसरी कोणी नसून नवऱ्याचीच सेक्रेटरी आहे आणि तिला पाठवणाराही नवराच! म्हणजे त्या घरात बायको नवऱ्यापासून एक गोष्ट लपवीत होती आणि नवरा बायकोपासून दुसरी. लीलेचे काम आपल्या सोलापूरच्या शशिकलाबाईंनी केले आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

काकींना त्यातला प्रियकर म्हणजे सुनील दत्त फार आवडला होता. गंमत अशी की त्याच १९६३ साली ‘ये रास्ते हैं प्यार के’ या चित्रपटात हाच सुनील दत्त फसवला गेलेला नवरा झाला. त्याच्याबद्दल पुढे लिहायचे आहेच. तीन वर्षांनी, १९६६ साली, राज खोसला यांच्या ‘मेरा साया’मध्ये तो वकील झाला. आपली पत्नी आपल्या डोळ्यांदेखत वारली, तरी हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, डाकूंच्या टोळीत सापडलेली एक बाई कोर्टात उभी राहून “मीच तुमची बायको” म्हणते. त्याने काय मानावे? शेवटी उलगडते ते असे की पत्नीने त्याच्यापासून एक गुपित ठेवले होते, आणि ते होते आपल्या जुळ्या बहिणीचे. ही मूळ कथा मराठी. राजा परांजपे यांचा १९६४ सालचा ‘पाठलाग’ पाहूनच ‘मेरा साया’ काढण्यात आला. ‘पाठलाग’मधला वकील डॉ. काशिनाथ घाणेकर यांनी उभा केला होता. हिंदी चित्रपटाची गाणी आपल्या बेटावर लग्नाघरी अजून ऐकू येतात, पण त्याचे मूळ मराठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मग आला १९६९ सालचा ‘इत्तेफाक’, यश चोप्रा यांचा. एकही गाणे नाही आणि सगळी कथा जवळजवळ एका रात्रीची. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला एक चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळून एका बंगल्यात शिरतो. तिथे एकटी गृहिणी असते. प्रेक्षक तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसतात. पहाटे कळते की त्या बंगल्यातला खरा खून तिनेच केला आहे, आपल्या नवऱ्याचा, आणि तिला साथ देणारा तिचा प्रियकर म्हणजे तपासाला आलेला पोलीस इन्स्पेक्टर! ही गृहिणी होती नंदा, आपल्या मास्टर विनायकांची कन्या. तोपर्यंत तिने धाकट्या बहिणीची, सोशिक सुनेची कामे केली होती. त्यामुळे प्रेक्षकांना बसलेला धक्का दुप्पट होता. काकी म्हणाल्या, “नंदावर विश्वास ठेवला आणि फसलो.”

१९७३ सालचा ‘धुंद’ही याच जातीचा. दाट धुक्यात एक परका माणूस एका हवेलीत शिरतो. आत खुर्चीतला पांगळा, क्रूर नवरा मरून पडलेला आणि त्याची तरुण पत्नी हातात पिस्तूल घेऊन उभी. मूळ नाटक अगाथा ख्रिस्तीबाईंचे. पांगळ्या नवऱ्याचे काम डॅनीने असे केले की त्याच्या मृत्यूचे कोणालाच वाईट वाटू नये.

हे सारे चित्रपट आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी निषिद्ध ठरवले होते आणि आपण सर्वांनी ते पाहिले. आपल्या बेटावर गुपित कुठले टिकते? क्युरपीपला कुणी शिंकले तर संध्याकाळपर्यंत माहेबूरला कळते. म्हणूनच की काय, अंधारात बसून दुसऱ्याचे गुपित फुटताना पाहण्यात आपल्याला एवढी गोडी वाटत असावी.

मुंबई, २७ एप्रिल १९५९

आता ‘रुस्तम’च्या मागची खरी हकीकत.

कावस माणेकशा नानावटी हे भारतीय नौदलात कमांडर होते आणि ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवर नेमलेले होते. पत्नी सिल्व्हिया मूळची इंग्रज. तीन मुले. नौकेच्या कामासाठी नानावटींना वारंवार दीर्घकाळ मुंबईबाहेर राहावे लागे. याच काळात मोटारींचे व्यापारी प्रेम आहुजा यांच्याशी सिल्व्हियाबाईंचे संबंध जुळले. आहुजा नवरा-बायको दोघांच्याही परिचयाचे होते.

२७ एप्रिलच्या दुपारी, जेवणानंतर, नवऱ्याने विचारले आणि बाईंनी सगळे खरे सांगून टाकले. यापुढे काय घडले याचा तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे आणि तो कोणत्याही चित्रपटापेक्षा विलक्षण आहे.

हे ऐकल्यावर नानावटींनी पत्नी, दोन मुले आणि शेजारचे एक मूल यांना मोटारीत घातले आणि सिनेमाला नेऊन सोडले. मुलांना आधीच कबूल केले होते. मेट्रो थिएटरात ‘टॉम थंब’ हा लहान मुलांचा चित्रपट लागला होता. “सहा वाजता शो सुटला की न्यायला येतो,” असे सांगून ते निघाले.

तिथून ते आपल्या नौकेवर गेले. “रात्री एकट्यानेच मोटार चालवीत अहमदनगरला जायचे आहे,” अशी खोटी सबब सांगून त्यांनी नौकेच्या भांडारातून एक रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. रिव्हॉल्व्हर तपकिरी पाकिटात घातले. मग ते आहुजांच्या कचेरीत गेले. आहुजा तिथे नव्हते. म्हणून त्यांच्या घरी गेले. आहुजा नुकतेच स्नान करून निघाले होते, अंगावर फक्त टॉवेल होता. “तू सिल्व्हियाशी लग्न करून मुलांचा सांभाळ करणार का?” असा प्रश्न आपण विचारला आणि त्यावर उद्दाम उत्तर मिळाले, असे नानावटींचे म्हणणे. तीन गोळ्या सुटल्या. चार वाजून वीस मिनिटे झाली होती. नानावटी तिथून निघाले आणि स्वतःच जाऊन कायद्याच्या स्वाधीन झाले.

वाचकहो, क्षणभर त्या थिएटरात जाऊन बसा. पडद्यावर अंगठ्याएवढा मुलगा उड्या मारतो आहे. मुले हसत आहेत. मुलांच्या शेजारी त्यांची आई बसली आहे. तीन तासांपूर्वी तिने आपल्या संसारातले सर्वांत मोठे गुपित उघडे केले आहे आणि बाहेर काय चालले आहे याचा तिला पत्ता नाही. इतके चित्रपट निघाले, पण तिच्या त्या तीन तासांची गोष्ट कुणी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही.

टॉवेल आणि घड्याळ

खटल्यात बचाव असा होता की दोघांची झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. फिर्यादी पक्षाने टॉवेलाकडे बोट दाखवले. झटापट झाली असती तर टॉवेल गळून पडला नसता का? तो तर मयताच्या कमरेला जसाच्या तसा होता. मुंबईच्या रस्त्यावर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ विकू लागले. आर. के. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली आणि एरवी पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना खपला.

जूरीने आठ विरुद्ध एक मताने “निर्दोष” असा कौल दिला. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या खटल्यामुळे भारतातली जूरी त्याच दिवशी बंद पडली असे सांगितले जाते, पण ते तितकेसे खरे नाही. काही ठिकाणी ती पुढेही चालू राहिली आणि १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढचा कळीचा मुद्दा होता वेळेचा. माणूस एकाएकी आणि तीव्रपणे चिथावला गेला, स्वतःवरचा ताबा सुटून त्याने जीव घेतला, तर कायदा त्याला खुनापेक्षा हलका गुन्हा मानतो. पण नानावटी दीड वाजता घरातून निघाले आणि गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मध्ये जवळजवळ तीन तास गेले. त्या तीन तासांत मुलांना सिनेमाला सोडले, खोटी सबब सांगून हत्यार मिळवले, कचेरीत चौकशी केली. मन थाऱ्यावर यायला एवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने ठरवले. या खटल्याचे मर्म या तीन तासांत आहे. आमच्या मते या जातीच्या प्रत्येक चित्रपटाचे मर्मही तिथेच असते: कळल्यापासून करेपर्यंतच्या वेळात माणसाने काय केले?

पडद्यावर काय झाले

‘ये रास्ते हैं प्यार के’ खटला संपून दोन वर्षेही झाली नसताना आला. दिग्दर्शक आर. के. नय्यर. नवरा सुनील दत्त, पत्नी लीला नायडू, आणि तिसरा रहमान. सुरुवातीलाच पाटी होती की यातली माणसे आणि घटना काल्पनिक आहेत, आणि शेवटही बदलला होता. चित्रपट चालला नाही.

मराठी रंगभूमीही मागे नव्हती. मधुसूदन कालेलकरांनी याच प्रकरणावरून ‘अपराध मीच केला’ हे नाटक लिहिले आणि ते गाजले.

१९७३ साली गुलजारांनी ‘अचानक’ काढला. त्यातही एकही गाणे नाही. विनोद खन्ना लष्करी अधिकारी झाला आहे. तो आपल्या पत्नीला आणि तिच्या प्रियकराला, म्हणजे आपल्याच मित्राला, दोघांनाही ठार करतो. फाशीची शिक्षा झालेला हा माणूस पोलिसांच्या गोळीने घायाळ होऊन इस्पितळात येतो. डॉक्टर आणि परिचारिका जिवाचे रान करून त्याला वाचवतात. तो बरा होतो, आणि मग त्याला फाशी द्यायला नेतात. “मग आम्ही वाचवले कशासाठी?” हा प्रश्न डॉक्टरच्या तोंडावर दिसतो आणि चित्रपट तिथे आपल्याला सोडून देतो. आम्हाला हा चित्रपट सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात मरणाऱ्याचे आणि मारणाऱ्याचे दोन्ही हिशेब मांडले आहेत. तरीही एक गोष्ट आहेच. खऱ्या गोष्टीत जिवंत राहिलेली पत्नी इथे मारली गेली आहे.

‘रुस्तम’ने निराळी युक्ती केली. त्यात मयत मनुष्य देशाशी दगाबाजी करणारा निघतो आणि नवऱ्याला अडकवण्यासाठीच त्याने पत्नीला भुलवले होते असे दाखवले आहे. म्हणजे नवऱ्याच्या गोळ्या घरासाठी कमी आणि देशासाठी जास्त! अक्षयकुमारला या कामाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पत्नीचे मन का वळले, ती एकटी कशी राहत होती, हे प्रश्न अशा युक्तीने बाजूला पडतात. तिला कुणीतरी फसवले म्हटले की तिला विचारण्यासारखे काही उरत नाही.

बाप आणि लेक, कायद्याच्या दारात

या बाबतीत कायदाही चित्रपटासारखाच वागत आला. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ प्रमाणे दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. तक्रार मात्र नवऱ्याने करायची. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. पत्नीला शिक्षा नव्हती, पण नवऱ्याने दुसरीकडे संबंध ठेवले तर तिला या कलमाखाली तक्रारही करता येत नसे. जणू ती घरातली एखादी वस्तू, आणि तिच्या चोरीची फिर्याद मालकाने द्यायची!

नानावटी प्रकरणात उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड होते. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले आणि १९८५ साली याच कलम ४९७ ला आव्हान दिले गेले तेव्हा त्यांनी ते घटनेला धरून आहे असा निर्णय दिला. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते कलम रद्द केले. त्या पाचांत एक होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. बापाने राखलेले कलम लेकाने मोडले. व्यभिचार आजही घटस्फोटाचे कारण होऊ शकतो, पण तो तुरुंगात घालण्याजोगा गुन्हा राहिलेला नाही.

आपल्या बेटाचा फौजदारी कायदा फ्रेंच मुशीतून आला आहे, म्हणून तिकडचीही एक गोष्ट सांगतो. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेत कलम ३२४ होते. नवऱ्याने पत्नीला आपल्याच घरात परपुरुषाबरोबर रंगेहाथ पकडून तिथल्या तिथे मारले, तर तो गुन्हा क्षम्य धरला जाई. हे कलम फ्रान्सने १९७५ साली काढून टाकले. मुंबई असो की पॅरिस, नवऱ्याच्या रागाला कायद्याने फार काळ गादीवर बसवले होते.

फ्रेंच घरातली शांतता

फ्रेंच आपल्या मुलांना शाळेतूनच येते, म्हणून त्यांना एका जुन्या फ्रेंच चित्रपटाची आठवण करून द्यावीशी वाटते. क्लोद शाब्रोल यांचा ‘ला फाम अँफिदेल’, १९६९ सालचा, म्हणजे आपल्या ‘इत्तेफाक’च्याच वर्षाचा. पॅरिसजवळच्या टुमदार घरात नवरा, बायको आणि लहान मुलगा. नवऱ्याला संशय येतो. तो गुप्तहेर नेमतो, प्रियकराच्या घरी जातो, त्याच्याशी अगदी सभ्यपणे गप्पा मारतो आणि मग एकाएकी त्याचा जीव घेतो. पोलीस चौकशीला येतात. एके दिवशी पत्नीला नवऱ्याच्या कोटात प्रियकराचा फोटो सापडतो. तिला सारे उमगते. ती तो फोटो जाळून टाकते आणि एक शब्दही बोलत नाही. त्या क्षणापासून ती दोघे एकमेकांना जितकी जवळची वाटतात, तितकी आधी कधीच नव्हती. याच कथेवरून २००२ साली अमेरिकेत ‘अनफेथफुल’ निघाला आणि त्यावरून २००४ साली आपला हिंदी ‘मर्डर’. दर फेरीला कपडे कमी होत गेले आणि ती शांतता हरवली.

अलीकडच्या काळात २०१८ सालचा श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ सर्वांनी पाहिला असेल. कथा पुण्यात घडते. तिचे बीजही ‘लाकोर्दर’ या २०१० सालच्या फ्रेंच लघुपटातले. आंधळ्याचे सोंग घेतलेला पियानोवादक एका घरात शिरतो आणि नवऱ्याचे प्रेत, बायको व तिचा प्रियकर यांच्यामध्ये सापडतो. तो प्रियकर कोण? पोलीस इन्स्पेक्टर! ‘इत्तेफाक’नंतर एकोणपन्नास वर्षांनी पुन्हा तोच. काकींना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “बघा, इन्स्पेक्टर कधी सुधारला नाही.”

पुतणीला दिलेले उत्तर

आता त्या बाईचे पुढे काय झाले ते सांगतो.

नानावटींनी साधारण तीन वर्षे कैद भोगली. मयताची बहीण मामी आहुजा यांनी आपली हरकत नाही असे लिहून दिले आणि राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्यानंतर कावस आणि सिल्व्हिया नानावटी मुलांना घेऊन १९६८ साली कॅनडात गेले आणि तिथेच एकत्र राहिले. २००३ साली कावस नानावटी वारले. तिथे त्यांचे नाव कुणाला काही सांगणारे नव्हते. ना मुलाखती, ना पुस्तके.

म्हणजे पडद्यावर जे कधीच घडले नाही ते घडले. पत्नी मेली नाही, घराबाहेर काढली गेली नाही. दोघांनी पुढची पस्तीस वर्षे एका छपराखाली काढली. ती कशी काढली, जेवताना काय बोलत असतील, २७ एप्रिल ही तारीख आली की काय होत असेल, हे त्यांचे त्यांना ठाऊक. गुप्त प्रेमाचा खरा शेवट असा लांबलचक आणि शांत असतो आणि त्यात टाळ्या वाजवण्यासारखे काही नसते. म्हणून त्याचा चित्रपट होत नसावा.

आम्ही हे पुतणीला सांगितले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे ते एकत्रच राहिले? मग त्या माणसाला मारले कशाला?”

खोलीत कुणीच बोलले नाही. काकींनीही या वेळी काही टोमणा मारला नाही.

त्या दुपारी आमच्या मावसबहिणीची सूनही घरी आली होती. तिचा नवरा प्रवासी बोटीवर स्वयंपाकघरात काम करतो. एकदा गेला की सात-आठ महिने येत नाही. चित्रपटभर ती कोपऱ्यात बसून भाजी निवडत होती. त्यातला नवरा समुद्रावर आणि बायको घरी एकटी, हे पाहताना आम्हा वडीलधाऱ्यांना तिच्यासमोर उगीच अवघडल्यासारखे झाले होते. ते तिच्या ध्यानात आले असावे. भांडी घासताना ती आमच्याशी सहज बोलली. “काका, रोज फोन होतो आमचा. मुलाची शाळा, बँकेचा हप्ता, सगळे बोलतो. पण तो घरी आला की पहिले दोन दिवस आम्ही पाहुण्यासारखे वागतो. तिसऱ्या दिवशी कुठे कडाडून भांडण होते. मग बरे वाटते.”

आमचे आजे-पणजे जहाजात बसून या बेटावर आले तेव्हा त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरची माणसे मागे कोकणात राहिली. दूर राहणे आपल्या रक्ताला नवे नाही. नवे आहे ते इतकेच की आता फोन रोज येतो आणि त्यामुळे आपल्याला वाटते की आपण बोलत आहोत. नानावटींच्या घरात खरे बोलणे एका दुपारच्या जेवणानंतर झाले. त्याआधीचे कित्येक महिने ते झालेच नव्हते आणि त्यानंतर बोलायला तीन तास होते, ते मोटारीत आणि हत्याराच्या शोधात गेले. नवऱ्याने त्या दुपारी मुलांबरोबर थिएटरात बसून ‘टॉम थंब’ पाहिला असता, तर एक माणूस वाचला असता आणि आपले चार-पाच चित्रपट बुडाले असते. आम्हाला तो सौदा महाग वाटत नाही.

राहता राहिला पुतणीचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर आम्हाला सापडलेले नाही. आमच्या वाचकांपैकी कुणाला सापडले तर अवश्य लिहून कळवावे. काकींनी मात्र पुढच्या रविवारी ‘गुमराह’ लावायचा असे फर्मान काढले आहे, आणि सर्वांनी बसून पाहायचा, देवळाची सबब न सांगता.